डोक्यात प्रेशर वाढलेल्या बाईची डिलिव्हरी आणि भूल : कशानंतर काय करायचं

रात्री साडेअकराला फोन येतो. "मॅडम, एक सिझर आहे, पेशंटला डोक्यात प्रेशर आहे म्हणे, जुना एमआरआय पण आहे, तुम्ही या, मग बघू." आणि फोन ठेवता ठेवता, "स्पायनल चालेल ना?" (म्हणजे पाठीत सुई घालून कमरेखालची भूल.)

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं आहेत. काही जण ऐकताक्षणी म्हणतात "प्रेशर वाढलंय? मग स्पायनल अजिबात नाही, जीए देऊ" (म्हणजे पूर्ण झोपवून भूल). बाकीचे म्हणतात "शुद्धीवर आहे ना, बोलतेय ना, मग स्पायनल देऊन मोकळे होऊ". दोन्ही उत्तरं काही पेशंटमध्ये बरोबर आणि काहींमध्ये जिवावर बेतणारी. गोंधळ होतो तो औषधांच्या डोसमध्ये क्वचित, बहुतेक वेळा क्रमात होतो. आधी भूल ठरते, मग आजार विचारला जातो, फिल्म बघायची तर राहूनच जाते.

हा लेख भूलतज्ज्ञांसाठी आहे, खास करून जे माझ्यासारखे बॅग घेऊन तालुक्याच्या नर्सिंग होम्समध्ये फिरतात त्यांच्यासाठी, आणि एमडी-डीएनबीच्या मुलामुलींसाठी. घरच्यांनी वाचला तरी चालेल, पण डोस बघून काही ठरवू नका.

टप्पा १ : "प्रेशर" हे निदान नाही, आजाराचं नाव विचारा

"डोक्यात प्रेशर" म्हणजे ताप आहे म्हणण्यासारखं झालं. कशामुळे, ते कळल्याशिवाय पुढचं एक पाऊलही टाकायचं नाही. बाळंतपणाच्या वयात आपल्याकडे साधारण हे सापडतात :

- आयआयएच, म्हणजे गाठ नाही, पाणी अडलेलं नाही, तरी सीएसएफचं (मेंदू आणि कण्याभोवतीच्या पाण्याचं) प्रेशर वाढलेलं. बाई बहुतेक वेळा वजनदार असते, डोकं दुखतं, मधेच काही सेकंद डोळ्यांपुढे अंधारी येते. ओपनिंग प्रेशर (पाठीत सुई घालून मोजलेलं) २५ सेंटिमीटर पाणी किंवा त्याहून जास्त.
- मेंदूतली गाठ. मेनिंजिओमा गरोदरपणात फुगू शकतो. आणि आपल्याकडे टीबीची गाठ आणि सिस्टिसरकोसिस विसरून चालणार नाही.
- हायड्रोसेफॅलस (मेंदूत पाणी तुंबणं), शंट (ते पाणी वळवणारी नळी) बसवलेला किंवा बसवायचा राहिलेला.
- सीव्हीटी, म्हणजे मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी. हिचा खरा धोका डिलिव्हरीनंतरच्या दिवसांत जास्त, पण आधीही होते.
- मेंदूत रक्तस्राव.
- एक्लॅम्पसिया, झटके आणि मेंदूला सूज.

यातल्या प्रत्येकाची भूल वेगळी. आयआयएचच्या बाईला पाठीत सुई घातली तर प्रेशर उलट कमी होतं, तिचा तो एक उपचारच आहे. कवटीच्या मागच्या भागात गाठ असलेल्या बाईला तीच सुई मारू शकते.

टप्पा २ : फिल्म मागवा, रिपोर्टवर भागवू नका

पहिलटकरीण माहेरी येते आणि फाइल सासरी राहते. हे इतक्या वेळा बघितलंय की आता मी पहिल्या फोनवरच सांगते, नवऱ्याला सांगा फाइल घेऊन निघायला, आणि निघायच्या आधी एमआरआयच्या फिल्मचा खिडकीच्या उजेडात धरून फोटो पाठवायला. सीडी असेल तर उत्तम. फक्त शेवटच्या पानावरचं "इम्प्रेशन" वाचून कोणी सांगत असेल तर ते पुरेसं नाही, कारण तुम्हाला हव्या त्या गोष्टी तिथे लिहिलेल्या असतीलच असं नाही.

फिल्ममध्ये चारच गोष्टी शोधायच्या : मिडलाइन सरकली आहे का, बेसल सिस्टर्न्स आणि चौथं व्हेंट्रिकल मोकळं आहे का, फोरामेन मॅग्नममध्ये (कवटीच्या तळाच्या भोकात) टॉन्सिल्स (लहान मेंदूची टोकं) खाली आले आहेत का, आणि व्हेंट्रिकल्स फुगले आहेत का. स्वतःला कळत नसेल तर न्यूरोसर्जनला फोन करा, त्यात कमीपणा नाही. आणि प्रश्न नेमका विचारा : "सर, हिच्या पाठीतून सीएसएफ गळलं तर मेंदू खाली सरकेल का?" "स्पायनल देऊ का" असं विचारलं की ते म्हणणार तुम्ही ठरवा.

नवी फिल्म काढायला घाबरू नका. डोक्याच्या सीटीत पोटातल्या बाळापर्यंत पोचणारं रेडिएशन नगण्य असतं. एमआरआयला कॉन्ट्रास्टशिवाय भागतं, शिरांचा व्हेनोग्रामसुद्धा कॉन्ट्रास्ट न देता होतो. "गरोदर आहे म्हणून सीटी केला नाही" हे वाक्य मी केसपेपरवर वाचलेलं आहे, त्याच्या खाली पुढच्या तारखेला डाव्या बाजूची ताकद गेल्याची नोंद होती.

मग बाई स्वतः बघा. डोकेदुखी सकाळी उठल्यावर, आडवं झाल्यावर, खोकल्यावर वाढते का. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर नव्याने उलट्या सुरू झाल्या का. एकाचे दोन दिसतात का. जीसीएस (शुद्धीचे गुण), दोन्ही बाहुल्या, हातापायांची ताकद, हे सगळं वेळ टाकून कागदावर लिहा, कारण भूल उतरल्यावर तुलना याच्याशीच करायची आहे. फंडस (डोळ्याचा पडदा) बघून घ्या. पण फंडस नॉर्मल म्हणजे प्रेशर नॉर्मल असं नाही, काही तासांत वाढलेल्या प्रेशरला पडद्यावर सूज यायला वेळच मिळालेला नसतो.

औषधांची यादी : ॲसिटाझोलामाइड चालू असेल तर पोटॅशियम आणि बायकार्बोनेट बघा, बायकार्ब आधीच खाली असतं आणि ती बाई जास्त श्वास घेऊन भरपाई करत असते. डेक्सामेथासोन चालू असेल तर साखर. सीव्हीटीचं एनोक्झापारिन (रक्त पातळ करणारं) चालू असेल तर शेवटचा डोस किती वाजता दिला. फिटच्या गोळ्या चालू ठेवायच्या, "उपाशी आहे म्हणून" सकाळचा लेव्हेटिरासिटाम चुकवायचा नाही.

> तपासा : आजाराचं नाव, फिल्म स्वतः बघितली, जीसीएस-बाहुल्या-ताकद लिहिली, प्लेटलेट, रक्त पातळ करणाऱ्या औषधाची वेळ. पाचांतलं एक जरी रिकामं असेल तर भूल अजून ठरवायची नाही.

टप्पा ३ : एकच प्रश्न, वरचं आणि खालचं प्रेशर सारखं आहे का

सगळा लेख विसरलात तरी हे लक्षात ठेवा. प्रेशर किती वाढलंय याला दुय्यम महत्त्व. ते सगळीकडे सारखं वाढलंय की फक्त वर, याच्यावर सुई ठरते.

मेंदू आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये पाण्याची वाट मोकळी असेल तर खालून थोडं पाणी काढलं की दोन्हीकडचं प्रेशर बरोबरीने उतरतं, कुणी कुठे सरकत नाही. पण वाट गाठीने अडलेली असेल किंवा मेंदू एका बाजूने ढकलला गेलेला असेल, आणि आपण खालचं पाणी सोडलं, तर मोरीच्या जाळीवर कापडाचा बोळा ओढला जातो तसा मेंदू त्या भोकाकडे ओढला जातो. त्यालाच आपण कोनिंग म्हणतो.

त्यावरून असं :

- आयआयएच, फिल्ममध्ये गाठ नाही, शिफ्ट नाही (मेंदू सरकलेला नाही) : स्पायनल चालतं, एपिड्युरल (ड्युरा या आवरणाच्या बाहेर दिलेली भूल) चालतं.
- शंट बसवलेला आणि नीट चालणारा : दोन्ही चालतं. फक्त शेवटच्या महिन्यांत पोटातलं प्रेशर वाढून शंट अडू शकतो, त्यामुळे नवी डोकेदुखी, उलट्या, झोपाळलेपण असेल तर "चालणारा" हे गृहीत धरू नका. कमरेतून पोटात जाणारा शंट असेल तर नळी कुठल्या लेव्हलला आहे ते कळल्याशिवाय सुई घालायची नाही, आणि औषध नळीतून निघून जाऊन भूल अर्धवट बसू शकते.
- छोटी गाठ, सूज नाही, शिफ्ट नाही, पाणी अडलेलं नाही : न्यूरोसर्जनशी बोलून चालू शकतं. "गाठ आहे म्हणजे नाहीच" हे जुनं झालं.
- गाठ किंवा रक्तस्राव, सोबत शिफ्ट किंवा अडलेलं पाणी, किंवा मागच्या भागातली मोठी गाठ : पाठीत सुई नाही. एपिड्युरलसुद्धा नाही.
- लक्षणं असलेली, ऑपरेशन न झालेली कियारी (टॉन्सिल्स कवटीच्या भोकातून खाली उतरलेले) : ड्युरा फोडायचा धोका घ्यायचा नाही.
- सीव्हीटी : फिल्मवर मोठा इन्फार्क्ट (रक्त न पोचल्याने मेलेला भाग), रक्तस्राव, शिफ्ट असेल तर नाही. नसेल तर औषधाची वेळ बघून. एनोक्झापारिन प्रतिबंधक डोसमध्ये असेल तर १२ तास, उपचाराच्या डोसमध्ये असेल तर २४ तास गेलेले पाहिजेत.
- एक्लॅम्पसिया : पूर्ण शुद्धीवर, बोलणं नीट, कुठलीही बाजू लुळी नाही, फिट थांबलेली, प्लेटलेट ७०,०००च्या वर आणि घसरत नाहीत : स्पायनल चालतं. गुंगीत असेल, पुन्हा पुन्हा फिट येत असेल, एक बाजू कमजोर असेल : जीए, आणि जमेल तितक्या लवकर फिल्म.

> थांबा : "स्पायनल नको म्हणतात ना, मग एपिड्युरल टाकू, ते ड्युराच्या बाहेरच असतं" ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एपिड्युरलची सुई साधारण शंभरातल्या एखाद्या बाईत चुकून आत जाते, आणि ते भोक २७ नंबरच्या स्पायनल सुईपेक्षा कितीतरी मोठं, दिवसभर गळत राहणारं. ज्या बाईला २७ नंबर चालत नाही तिला १८ नंबरच्या जवळपास तरी कशाला जायचं.

टप्पा ४ : कुठे, कधी, कोण हजर

शिफ्ट असलेली, गुंगीत चाललेली, झटके न थांबणारी बाई तालुक्याच्या ओटीत घ्यायची नाही. "आधी बाळ काढू मग पाठवू" हा मोह खूप होतो, नातेवाईकही तेच म्हणतात. पण बाळ काढल्यावर तिला व्हेंटिलेटर, सीटी आणि न्यूरोसर्जन लागणार आहेत, आणि ते तिथे नसतील तर तुम्ही अर्धवट शुद्धीतल्या ओल्या बाळंतिणीला ट्यूबसकट अँब्युलन्समध्ये घालणार. अपवाद एकच, जिथे बाई प्रवासात टिकणारच नाही.

पाठवताना : डाव्या कुशीवर, डोक्याकडची बाजू ३० अंश वर, मान सरळ, ऑक्सिजन, एक्लॅम्पसिया असेल तर मॅग्नेशियमचा लोडिंग डोस देऊनच (४ ग्रॅम शिरेतून आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत), आणि १०८ वाल्यांना चिठ्ठीत शेवटचा जीसीएस वेळेसकट. तळमळतेय म्हणून मिडाझोलाम देऊन "शांत" करू नका. ती तळमळ ऑक्सिजन कमी पडल्याची किंवा प्रेशर वाढल्याची असू शकते, शिवाय गुंगीत श्वास मंदावला की सीओटू चढतो आणि सीओटूबरोबर प्रेशर.

जिथे वेळ आहे तिथे ३२-३४ आठवड्यांच्या आसपास गायनॅक, न्यूरो, भूल, बालरोग सगळ्यांनी एकदा बसून एका कागदावर प्लॅन लिहायचा. दिवसा ठरलेली तारीख, आणि त्याच कागदाच्या पाठीमागे "आधीच कळा सुरू झाल्या तर काय". हा मागचा भाग कोणी लिहीत नाही, आणि कळा रात्री दोनलाच सुरू होतात.

टप्पा ५ : नॉर्मल डिलिव्हरी ठरली असेल तर

आयआयएच हे एकट्याने सिझरचं कारण नाही. डोळ्यांची नजर झपाट्याने जात असेल तर गोष्ट वेगळी. पण कळांमध्ये आणि विशेषतः जोर लावताना सीएसएफचं प्रेशर भरपूर चढतं, म्हणून दुखणं लवकर थांबवायचं.

१. एपिड्युरल लवकर टाका, गर्भाशयाचं तोंड ३-४ सेंटिमीटर उघडलं की. आठ सेंटिमीटरला, बाई किंचाळतेय आणि हलतेय, तेव्हा टाकलेली सुईच आत जाते. ती टाकणारा हातही टीममधला सगळ्यात सरावलेला असावा, शिकाऊ मुलांनी ही केस बघायची.

२. जागा शोधताना सिरिंजमध्ये सलाइन वापरा, हवा नको.

३. औषध हळू. एका दमात १५ एमएल ढकललं की एपिड्युरल जागेतल्या दाबाने डोक्यातलं प्रेशर थोड्या वेळासाठी वर जातं. ५-५ एमएल, मधे पाच मिनिटं, आणि प्रत्येक वेळी विचारायचं, "ताई, डोकं जड झालं का? दिसायला धूसर?" हो म्हणाली तर थांबा. ०.१ टक्के बुपिव्हाकेन आणि प्रति एमएल २ मायक्रोग्रॅम फेंटानिल पुरतं.

४. पूर्ण उघडल्यावर जोर लावायला लावू नका. बाळाचं डोकं आपोआप खाली येऊ द्या, मग गायनॅक मॅडम फोर्सेप्स किंवा व्हॅक्यूम लावतील. हे आधी बोलून ठेवा, नाहीतर लेबर रूममधली मावशी सवयीने "लाव जोर, अजून लाव" ओरडत राहते.

५. पिटोसिनची (कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन) ड्रिप नॉर्मल सलाइनमध्ये. पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये तासन्‌तास पिटोसिन चालवलं की सोडियम उतरतं आणि सुजलेला मेंदू आणखी सुजतो.

टप्पा ६ : सिझर, स्पायनलवर

इथे फार काही वेगळं नाही. २५ किंवा २७ नंबरची पेन्सिल टोकाची सुई, एकाच प्रयत्नात जाईल अशी तयारी (आयआयएचच्या बाईला बऱ्याचदा लांब सुई लागते, ती ओटीत आहे का ते आधी बघा), डोस नेहमीचा.

जपायचं ते बीपी. मेंदूला रक्त पोचवणारं प्रेशर म्हणजे सरासरी बीपी वजा डोक्यातलं प्रेशर. डोक्यातलं आधीच चढलेलं, त्यात स्पायनलने बीपी पडलं की बाकी काय उरणार. त्यामुळे फेनिलएफ्रिन (बीपी वर धरणारं) पहिल्यापासून चालू ठेवा, पंपावर किंवा ५० ते १०० मायक्रोग्रॅमचे डोस, बीपी पडायची वाट बघू नका. मॅनिटॉल (मेंदूतलं पाणी ओढून प्रेशर उतरवणारं) दिलेली बाई आतून कोरडी असते, तिच्यात हे जास्तच. उलट एक्लॅम्पसियाच्या बाईत फेनिलएफ्रिनचे डोस निम्म्याने सुरू करा, १६०च्या वर उडालेलं बीपीही तितकंच वाईट.

सलाइन : नॉर्मल सलाइन किंवा प्लाझ्मालाइट. आरएल थोडं पातळ पडतं, डेक्स्ट्रोज नकोच.

टप्पा ७ : सिझर, जीएवर

इथे दोन शिकवणी एकमेकींशी भांडतात. गरोदर बाई म्हणजे भरलेलं पोट, झटपट ट्यूब टाका. आणि मेंदू म्हणतो, हळू, खोल झोपवा, ट्यूब टाकताना बीपी उडू देऊ नका. दोन्ही पाळायचं तर तयारीत वेळ घालवायचा, हातात नाही.

*झोपवायच्या आधी*

आर्टिरिअल लाइन शुद्धीवर असतानाच, लिग्नोकेन टोचून. टेबलचं डोकं २०-३० अंश वर, कमरेखाली डाव्या बाजूला उतार. सोडियम सायट्रेट ३० एमएल, मेटोक्लोप्रमाइड १० एमजी. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप चालू करून ठेवा, आणि नेहमीपेक्षा अर्धा नंबर लहान ट्यूबही काढून ठेवा. ऑक्सिजन घट्ट मास्कने पूर्ण तीन मिनिटं. सर्जन हात धुऊन, कपडे टाकून तयार, नंतरच झोपवायचं.

बालरोगतज्ज्ञांना आधी स्पष्ट सांगा, "आईला फेंटानिल दिलंय, बाळ सुस्त येईल, बॅग-मास्क तयार ठेवा." आईच्या मेंदूसाठी दिलेल्या ओपिऑइडचं बाळाला दहा मिनिटं श्वास देऊन भागतं. बाळ रडेल की नाही या भीतीने ओपिऑइड टाळला, आणि ट्यूब टाकताना आईचं बीपी २१० गेलं, तर ते भरून निघत नाही.

*झोपवताना, याच क्रमाने*

१. फेंटानिल २-३ मायक्रोग्रॅम प्रति किलो. मग थांबायचं. सगळ्यात जास्त चूक मी इथे बघते : फेंटानिल दिलं, लगेच प्रोपोफोल, लगेच स्कोलिन (स्नायू ढिले करणारं), मिनिटभरात लॅरिंगोस्कोप तोंडात. फेंटानिलचा पूर्ण असर यायला ३ ते ५ मिनिटं लागतात, म्हणजे तुम्ही दिलेलं औषध ट्यूब टाकून झाल्यावर काम करणार. ऑक्सिजनची तीन मिनिटं चालू असतानाच ते द्या, सिस्टरने घड्याळ बघून वेळ सांगायची, आणि श्वास मंदावतोय का तिकडे लक्ष ठेवून "मोठा श्वास घ्या ताई" म्हणत राहायचं. रेमीफेंटानिल मिळत असेल तर १ मायक्रोग्रॅम प्रति किलो, ते मिनिटभरात काम करतं आणि बाळातूनही लवकर उतरतं.

२. लिग्नोकेन १.५ एमजी प्रति किलो, ट्यूबच्या दीड मिनिट आधी.

३. प्रोपोफोल २ एमजी प्रति किलोच्या आसपास, किंवा थायोपेंटोन ४-५. फेनिलएफ्रिन भरलेली सिरिंज बोटात, एक्लॅम्पसिया असेल तर लॅबेटॅलॉल (बीपी उतरवणारं) ५ मिनिटं आधीच.

४. स्कोलिन १ ते १.५ एमजी प्रति किलो, किंवा रोक्युरोनियम १.२. स्कोलिनने प्रेशर थोडा वेळ वाढतं म्हणून ते टाळून कमी डोसचं रोक्युरोनियम देणारे भेटतात, आणि मग अर्धवट ढिल्या बाईत खोकत खोकत ट्यूब जाते. खोकल्याने आणि ऑक्सिजन पडल्याने जे प्रेशर चढतं त्यापुढे स्कोलिनचं काहीच नाही. रोक्युरोनियम वापरायचंच तर पूर्ण डोस, आणि सुगामाडेक्स (रोक्युरोनियमचा उतारा) खरोखर कपाटात आहे ना, हे डोळ्यांनी बघून.

५. ट्यूब चिकटपट्टीने लावा. मानेभोवती दोरी आवळून बांधली की मानेच्या शिरा दबतात आणि डोक्यातलं रक्त उतरायला जागा राहत नाही. इतक्या तयारीवर दहा रुपयांची दोरी पाणी फिरवते.

*चालू असताना*

सीओटू ३० ते ३२ ठेवा. गरोदर बाईचं नॉर्मलच तेवढं असतं. नेहमीच्या सवयीने ३८-४० ठेवलं तर तिच्यासाठी ते वाढलेलं आहे, मेंदूच्या रक्तवाहिन्या पसरणार. "मेंदूची केस आहे" म्हणून २२-२४ वर आणलं तर बाळाकडे जाणारं रक्त आकसतं, आणि आईच्या मेंदूकडचंसुद्धा. कोनिंग दिसत असेल तेव्हा काही मिनिटांसाठी खाली आणणं वेगळं.

सेवोफ्लुरेन (श्वासातून द्यायची भूल) १ मॅकच्या खाली, बाळ निघाल्यावर शक्यतो प्रोपोफोलच्या पंपावर जा, म्हणजे गर्भाशयही ढिलं पडत नाही. नायट्रस टाळा. मॅग्नेशियम चालू असलेल्या बाईत स्नायू ढिले करणारी औषधं लांबतात, नर्व्ह स्टिम्युलेटर लावा.

मॅनिटॉल हे तीर्थासारखं प्रत्येकीला १०० एमएल द्यायचं औषध नाही. प्रेशर जिवावर उठलंय किंवा न्यूरोसर्जनने मागितलंय तेव्हा ०.२५ ते ०.५ ग्रॅम प्रति किलो, म्हणजे ६० किलोच्या बाईला २० टक्क्यांचं ७५ ते १५० एमएल, कॅथेटर घातलेला असताना. ते नाळेतून जातं, मोठ्या डोसने बाळ कोरडं पडण्याची भीती आहे. बाई आधीच कोरडी किंवा बीपी पडलेलं असेल तर ३ टक्के सलाइन बरं. आणि आयआयएचमध्ये मॅनिटॉलचं काम नाही.

> थांबा : एक बाहुली मोठी झाली, किंवा बीपी अचानक चढून नाडी मंदावली, तर आधी डोकं वर आणि मान सरळ, मानेवर काही आवळलंय का बघा, १०० टक्के ऑक्सिजन, भूल खोल, सीओटू २८ पर्यंत, मॅनिटॉल किंवा ३ टक्के सलाइन, एकाने न्यूरोसर्जनला फोन. सर्जनला बाळ लगेच काढायला सांगा. ती मंद नाडी बघून सवयीने नुसतं ॲट्रोपिन देऊन पुढे जाऊ नका.

टप्पा ८ : बाळ निघाल्यावरची पाच मिनिटं

सगळे बाळाकडे बघत असतात, आणि सिस्टर सवयीने मेथरजिन (गर्भाशय आवळणारं, पण बीपी उडवणारं) भरते. भरलेली सिरिंज ट्रेमध्ये आली की कोणी ना कोणी ती देणार. म्हणून सिझर सुरू व्हायच्या आधीच "आज मेथरजिन नाही" असं मोठ्याने सांगा आणि अँप्यूल ट्रेमधून काढायला लावा. एकदा मी हे सांगायला विसरले. बाळ रडलं, मी आईच्या तोंडाकडे वाकून ट्यूब बघत होते, मागे वळेपर्यंत मांडीत इंजेक्शन गेलेलं. मॉनिटरवर १३०चं १९० झालेलं बघत बघत लॅबेटॅलॉल शोधणं हा अनुभव कुणाला येऊ नये. बाई वाचली, पण श्रेय माझं नाही.

पिटोसिन १ ते ३ युनिट, अर्ध्या मिनिटापेक्षा हळू, मग २.५ ते ७.५ युनिट तासाला पंपावर, कळा येऊन झालेलं सिझर असेल तर थोडं जास्त लागतं. ५-१० युनिट एकदम ढकलले की बीपी कोसळतं. रक्तस्राव थांबत नसेल तर मिसोप्रोस्टॉलने हुडहुडी आणि ताप येतो हे लक्षात ठेवून, कार्बोप्रोस्टने बीपी चढू शकतं हे लक्षात ठेवून, आणि बलून टॅम्पोनेडचा विचार नेहमीपेक्षा लवकर.

टप्पा ९ : ट्यूब काढताना

गाढ झोपेत काढता येत नाही (पोट भरलेलं), आणि जागी होताना खोकू द्यायचं नाही. मधला रस्ता : डोकं वर, स्नायू पूर्ण परतलेत हे मशीनवर बघितलंय, ऑन्डान्सेट्रॉन ४ एमजी दिलंय, घशातलं सक्शन बाई खोल असतानाच उरकलंय, शेवटी लिग्नोकेन १-१.५ एमजी प्रति किलो, आणि हाक मारल्यावर डोळे उघडले की ट्यूब बाहेर. ट्यूब असताना तिला हलवायचं, बेड बदलायचा, ड्रेसिंगसाठी उचलायचं नाही.

सुरुवातीला जीसीएस चांगला नव्हता किंवा टेबलवर काही घडलं असेल तर ट्यूब काढायची घाई नको, आयसीयू. आणि १५-२० मिनिटांत नीट जागी झाली नाही तर "भूल उतरायला वेळ लागतोय" म्हणत बसू नका. बाहुल्या बघा, साखर, सोडियम, सीओटू बघा, आणि सीटीला न्या. टप्पा २ मध्ये लिहिलेला कागद इथे कामाला येतो.

दुखण्यासाठी पोटाच्या भिंतीचे ब्लॉक आणि पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी. ट्रामाडॉल फिट आणू शकतं, शक्यतो नको. डायक्लोफिनॅक प्लेटलेट, किडनी आणि डोक्यातल्या रक्तस्रावाचा विचार करून.

टप्पा १० : घरी गेल्यावरची डोकेदुखी

इथे भूलतज्ज्ञाचं काम संपलं असं समजलं जातं आणि इथेच पुढची चूक होते. आठव्या-दहाव्या दिवशी फोन येतो, "स्पायनलमुळे डोकं दुखतंय म्हणे." मग फोनवरच कॉफी, पाणी, झोपून राहा.

विचारायचं एवढंच : बसल्यावर दुखतं आणि आडवं झालं की थांबतं का? तसं असेल तर सुईची डोकेदुखी असू शकते, आणि ती बहुतेक पाच दिवसांच्या आत सुरू होते. झोपल्यावर वाढते, सतत राहते, उलट्या होतात, धूसर दिसतं, फिट आली, किंवा आधी बसल्यावर दुखायची ती आता कायम दुखते, तर सीव्हीटी किंवा कवटीतला रक्तस्राव डोक्यात ठेवून त्याच दिवशी सीटी किंवा एमआरआय व्हेनोग्राम.

आपल्याकडे बाळंतिणीला पाणी कमी देतात, पोट सुटेल म्हणून, बाळाला सर्दी होईल म्हणून. कान बांधलेले, खोलीत शेगडी, आणि दिवसभरात जेमतेम दोन-तीन भांडी पाणी. आधीच रक्त घट्ट व्हायचे हे दिवस, त्यात ती कोरडी. डोकं दुखायला लागलं की "वारं लागलं" म्हणून आणखी घट्ट बांधतात. डिस्चार्जच्या वेळी हे आईला, सासूला, जी कोणी सांभाळणार आहे तिला समोर बसवून सांगा, की पाणी भरपूर द्यायचं, आणि डोकेदुखी, धूसर दिसणं, फिट यांत बाम चोळत बसायचं नाही. कागदावर लिहून द्या, फोन नंबरसकट.

> थांबा : या बायकांना फिल्म न बघता एपिड्युरल ब्लड पॅच द्यायचा नाही. १५-२० एमएल रक्त एपिड्युरल जागेत गेलं की डोक्यातलं प्रेशर चढतं, आणि मूळ दुखणं सीव्हीटीचं असेल तर आपण दिवस वाया घालवले ते वेगळेच.

सीव्हीटीच्या बाईचं एनोक्झापारिन पुन्हा कधी सुरू करायचं, तेही डिस्चार्ज कार्डावर नाही तर ओटी नोट्समध्येच वेळ टाकून लिहा. एपिड्युरल कॅथेटर काढल्यावर निदान चार तास, उपचाराचा डोस सिझरनंतर रक्तस्राव थांबल्याची खात्री झाल्यावर, साधारण २४ तासांनी. हे कोण देणार, गायनॅक की न्यूरो, त्याचं नावही तिथेच लिहा, कारण "मला वाटलं त्यांनी सुरू केलं असेल" यात दोन-दोन दिवस जातात.